उपवासातून निघालेले औषध

अपस्माराच्या वाट्याला जेवढे भय आणि जेवढे गैरसमज आले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या रोगाच्या वाट्याला आले असतील. कोठे ती भूतबाधा मानली गेली, तर कोठे देवतेचा कोप. प्राचीन ग्रीसमध्ये त्याला ‘पवित्र रोग’ म्हणत. हिपॉक्रेटीसच्या परंपरेतील वैद्यांनी मात्र, या रोगात इतर रोगांहून अधिक दैवी असे काही नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे स्वच्छ सांगितले. लंघनाने झटके थांबल्याची नोंदही त्याच परंपरेत आढळते.

१९११ साली पॅरिसमध्ये गेल्पा व मारी या डॉक्टरांनी, आणि पुढे अमेरिकेत काही चिकित्सकांनी, रोग्यांना उपाशी ठेवून पाहिले. झटके थांबत, पण रोगी जेवू लागला की ते बहुधा परतत. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवायचे तरी किती दिवस? या पेचातून १९२१ साली वाट काढली ती अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी. उपवासात शरीर चरबी जाळते आणि यकृतात कीटोन नावाची द्रव्ये तयार होतात. रोग्याला जेवू घालूनही हीच अवस्था आणता येईल, असे त्यांनी सुचविले. त्यासाठी पिष्ट व साखर जवळजवळ वर्ज्य करून त्यांची जागा स्निग्ध पदार्थांना द्यावयाची होती. तेथीलच मायनी पीटरमन यांनी प्रमाण बसविले: वजनाच्या दर किलोग्रॅममागे १ ग्रॅम प्रथिन, दिवसाकाठी १० ते १५ ग्रॅम पिष्ट, म्हणजे एका मध्यम पोळीइतकेही नव्हे, आणि बाकी सारे लोणी, साय यांसारखे स्निग्ध अन्न.

१९३८ साली फेनिटॉइन हे औषध उपयोगात आले. गोळी गिळणे सोपे, घासन्‌घास तोलणे कठीण. साहजिकच हा आहार मागे पडला आणि मोजक्या रुग्णालयांतच तग धरून राहिला. १९६७ साली बोस्टन येथे जॉर्ज काहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, दीर्घ उपवासात मेंदू आपले बहुतांश इंधन कीटोनांतून घेतो, असे दाखवून दिले. झटके नेमके कशाने थांबतात, याचा पूर्ण उलगडा मात्र अद्याप झालेला नाही.

आहाराचे पुनरागमन झाले ते एका पित्याच्या धडपडीने. चित्रपट दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या लहानग्या मुलाला औषधे लागू पडत नव्हती. १९९३ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात या आहाराने त्याचे झटके थांबले. १९९७ साली अब्राहम्स यांनी या विषयावर चित्रपटच काढला. २००८ साली लंडनमधील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांपैकी ज्यांना तीन महिने हा आहार दिला, त्यांतील ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. ज्यांना दिला नाही, त्यांत हे प्रमाण ६ टक्के होते.

तथापि या गुणाची किंमत मोजावी लागते. बद्धकोष्ठ, मूतखडा, रक्तातील चरबीची वाढ, उंची खुंटणे हे उपद्रव संभवतात. चरबीच्या चयापचयात जन्मजात दोष असलेल्या बालकास तर हा आहार घातक ठरतो. इन्शुलिनच्या अभावी मधुमेह्याच्या शरीरात हीच कीटोने बेसुमार वाढली, तर रक्त आम्ल होऊन प्राणावर बेतते. म्हणूनच रुग्णालयात मुलाचे वजन, उंची, रक्त व लघवी वेळोवेळी तपासतात आणि जीवनसत्त्वे व कॅल्शियम वरून देतात.

आता हा आहार वजन घटविण्यासाठी सर्रास घेतला जातो आणि कीटोनांची तयार पेयेही बाजारात मिळतात. ती घेताच रक्तातील कीटोने वाढतात हे खरे. परंतु २०१७ साली ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात असे एक पेय घेतलेल्या अव्वल सायकलपटूंची पोटे बिघडली आणि त्यांची कामगिरी सुमारे २ टक्क्यांनी खालावली. अपस्माराच्या मुलांना गुण आला तो तोलूनमापून दिलेल्या अन्नाने, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बाटलीबरोबर ती देखरेख येत नाही.