निद्रावस्था, संगणकाची : जाग न येण्याचा दोष

स्लीपमध्ये गेलेला डेस्कटॉप संगणक कळ दाबूनही पूर्ववत न होणे. या एकाच तक्रारीखाली निदान तीन निराळे दोष येतात. संगणक जागा होतो पण पडदा काळाच राहतो. किंवा पंखे क्षणभर फिरून थांबतात आणि संगणक अर्धवट काम विसरून पहिल्यापासून सुरू होतो. किंवा कशाचीच हालचाल होत नाही. दुरुस्तीला आणणारा माणूस तिन्हींना ‘स्लीपमधून उठत नाही’ एवढेच म्हणतो. प्रकार ओळखण्याची सोपी खूण कळफलकावर आहे. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम जागी आहे आणि दोष पडद्याच्या बाजूचा आहे. पंखे चालू असून दिवा दाद देत नसेल, तर संगणक उठता उठता मध्येच अडकला आहे.

पूर्वपीठिका : इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या १९९२ मधील एपीएम पद्धतीत वीज वाचवण्याचे काम बायोसकडे होते. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टीमकडे आली. २०१३ पासून हे मानक यूईएफआय फोरम सांभाळते. बायोस एकाचा, ड्रायव्हर दुसऱ्याचा आणि ऑपरेटिंग सिस्टीम तिसऱ्याची, अशी ही व्यवस्था असल्याने बिघाड कोणाच्या माथी मारायचा हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

अवस्था : एसीपीआयमध्ये एस० ही जागेपणाची आणि एस५ ही संगणक बंद असण्याची अवस्था. एस१ मध्ये प्रोसेसर नुसता थांबतो, वीज चालूच राहते. एस२ प्रत्यक्षात क्वचितच आढळते. डेस्कटॉपवर स्लीप म्हणजे बहुधा एस३ : रॅमची वीज चालू, बाकी जवळजवळ सर्व बंद. एस४ म्हणजे हायबरनेट. यात रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून रॅमचीही वीज तोडतात. एस४ मधून उठणे हे विजेच्या दृष्टीने नव्याने सुरू होण्यासारखेच असते. म्हणून हायबरनेटमधून बिनतक्रार उठणारा संगणक स्लीपमधून उठत नसेल, तर निद्राकाळात रॅमला मिळणाऱ्या विजेवर आधी संशय घ्यावा. अनेक नव्या लॅपटॉपांत एस३ ऐवजी ‘मॉडर्न स्टँडबाय’ असते. त्याचा विचार येथे केलेला नाही.

जाग येण्याची क्रिया : रॅमच्या पेशीत माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते आणि तो भार सतत गळतो, साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. एस३ मध्ये प्रोसेसर बंद असल्याने रॅमच्या चिपा हे काम आपले आपणच करतात. कळ दाबली की मदरबोर्ड हिरव्या तारेवरून एसएमपीएसला, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीला, इशारा देतो. १२, ५ व ३.३ व्होल्टच्या मुख्य वाहिन्या चालू होतात. त्या स्थिरावल्या की एसएमपीएस करड्या तारेवरून ‘वीज ठीक’ असा संकेत देतो आणि प्रोसेसर बायोस चालवू लागतो. खरी कसोटी इथे लागते. ही नवी सुरुवात नसून जाग आहे हे बायोसला ओळखावे लागते. मग रॅममधल्या मजकुराला धक्का न लावता, ऑपरेटिंग सिस्टीमने निजण्यापूर्वी एसीपीआयच्या कोष्टकात लिहून ठेवलेल्या पत्त्यावर त्याला उडी मारायची असते. दरम्यान रॅमचा पुरवठा निद्राकाळातल्या राखीव विजेवरून मुख्य विजेवर वळवला जातो. त्या वेळी व्होल्टेज किंचित खचले तरी मजकूर जातो आणि पंखे फिरून थांबण्याचा, पुन्हा फिरण्याचा प्रकार दिसतो.

जांभळी तार : एटीएक्स हे मानक इंटेलने १९९५ मध्ये आणले. त्याआधीच्या एटी पद्धतीत संगणकाचे बटण थेट मुख्य वीज तोडत असे. एटीएक्समध्ये बटण केवळ विनंती करते. भिंतीवरचे बटण चालू आहे तोवर एसएमपीएसमधून एक ५ व्होल्टची राखीव वाहिनी अखंड वाहत असते. मदरबोर्डच्या २४ पिनांच्या जोडणीत नवव्या पिनेवर येणारी जांभळी तार ती हीच. (हिरवी तार सोळाव्या पिनेवर, करडी आठव्या.) निजलेल्या संगणकाची रॅम, चिपसेटचा जागा भाग, नेटवर्क कार्ड आणि कळफलक हे सारे या एका तारेवर जगतात. असे असून तपासणीत तिचा नंबर बहुधा शेवटी लागतो. आधी विंडोज दोनदा नव्याने टाकून झालेले असते.

मानकानुसार या तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. मोजमाप मल्टिमीटरने घेतात : काळा काटा कोणत्याही काळ्या तारेवर, लाल काटा जोडणीच्या मागच्या बाजूने जांभळ्या तारेवर. मात्र एसएमपीएस मदरबोर्डपासून सोडवून घेतलेला आकडा फसवा असतो, कारण भार नसताना मरणपंथाला लागलेली वाहिनीही पाच व्होल्ट दाखवते. संगणक निजलेला असताना आणि कळ दाबण्याच्या क्षणी आकडा किती खाली येतो ते पाहावे. साधा मीटर अतिवेगवान चढउतार टिपत नाही, म्हणून मापन ठीक आले तरी दुसरा, खात्रीचा एसएमपीएस लावून पाहणे हीच दुकानातली रूढ परीक्षा आहे.

ही वाहिनी आधी का थकते याचे कारण साधे आहे. मुख्य वाहिन्या संगणक वापरात असेल तेवढाच वेळ काम करतात. राखीव वाहिनीला रात्र नाही. पंखा बंद असतानाही तिच्या मंडलातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कामावर असतात. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. आतील द्रव सुकत जातो, धारकता घटते आणि सपाट असावे ते व्होल्टेज थरथरू लागते. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डांत व एसएमपीएसांत सदोष द्रवाचे कपॅसिटर लागले होते. माथा फुगणे आणि तपकिरी स्राव येणे ही त्यांची खूण. त्यामागे चोरलेल्या रासायनिक सूत्राची एक कथा सांगितली जाते. ती सर्वमान्य नाही.

आजच्या बऱ्याच एसएमपीएसांची राखीव वाहिनी २ ते ३ अँपिअर देऊ शकते. बाहेरच्या स्टिकरवर एकूण वॉट ठळक छापलेले असतात. राखीव वाहिनीचा आकडा त्याच कोष्टकाच्या एका कोपऱ्यात असतो आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर तो कोणी वाचत नाही. यूएसबीवरून मोबाइल चार्ज होत असेल, तर तो भारही अनेक मदरबोर्डांवर निद्राकाळात याच वाहिनीवर पडतो. एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलणे हे जाणकाराचेच काम आहे. २३० व्होल्टचे एकदिशीकरण झाल्यावर आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.

रॅम : रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय. संपर्क खराब असेल तर तो लागू पडतो. पण निजलेल्या संगणकात रॅमला वीज असते, हे विसरून ती ओढून काढणे धोक्याचे. आधी भिंतीवरचे बटण बंद करावे आणि मदरबोर्डवर राखीव विजेचा दिवा असल्यास तो विझेपर्यंत थांबावे. रॅम एक्सएमपी प्रोफाइलने मानकापेक्षा जास्त वेगाने चालवली असेल, तर दिवसभर उत्तम चालणारा संगणक जागे होताना पडू शकतो. प्रोफाइल बंद करून दोन दिवस पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

पडदा : विंडोज १० व त्यापुढील आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्याने चित्र आले तर दोष ड्रायव्हरचा. न आल्यास मॉनिटर बंद-चालू करावा, डिस्प्लेपोर्टऐवजी एचडीएमआय वायर लावून पाहावी.

जागे करणारी साधने : कळफलक वा माउस यांना जागे करण्याची मुभा डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर असते. जुन्या मदरबोर्डांवर यूएसबीला राखीव वीज द्यायची की नाही हे एका जंपरने ठरे. बायोसमधील ‘ईआरपी’ हा पर्याय युरोपीय संघाच्या नियमांमुळे आला. २००८ च्या १२७५ क्रमांकाच्या नियमाने बंद उपकरणाच्या वीजवापरावर आधी १ वॉटची आणि २०१३ पासून ०.५ वॉटची मर्यादा घातली. हा पर्याय चालू केल्यास सामान्यतः एस४ व एस५ मध्ये यूएसबीची राखीव वीज तुटते. मग हायबरनेट झालेला संगणक कळफलकाला दाद देत नाही, कॅबिनेटवरचे बटण मात्र चालते. हा बिघाड नव्हे.

नेटवर्कवरून जाग आणण्यासाठी ‘मॅजिक पॅकेट’ पाठवतात : सहा बाइट एफएफ आणि त्यापुढे त्या कार्डाचा मॅक पत्ता सोळा वेळा, एकूण १०२ बाइट.

विंडोज : पॉवरसीएफजी ही आज्ञा उपलब्ध अवस्था, शेवटची जाग कशाने आली आणि जागे करण्याची मुभा कोणाला आहे हे सांगते. इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद नीट बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला एवढेच सांगते. ती कारण नव्हे, पंचनामा आहे.

लिनक्स : येथील एक युक्ती नोंदण्याजोगी आहे. जागे होताना संगणक अडकला तर त्या वेळी डिस्क, पडदा, नेटवर्क काहीच चालू नसते. मग कुठपर्यंत पोचलो हे लिहायचे कुठे? लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००६ मध्ये लिहिलेली पीएम-ट्रेस सुविधा ही खूण संगणकाच्या घड्याळात लिहिते, कारण रीसेट केल्यावरही टिकणारी तेवढीच जागा हाती असते. पुन्हा सुरू झाल्यावर कर्नल घड्याळातली वेळ उलगडून संशयित ड्रायव्हरचे नाव दाखवतो. घड्याळ पुढे सरकत असल्याने पुन्हा सुरू करायला फार उशीर करून चालत नाही, आणि नंतर तारीख-वेळ नव्याने लावावी लागते.

मॅक : वीजविषयक नोंदी पीएमसेट या आज्ञेने पाहता येतात.

सीएमओएस सेल : सीआर२०३२, ३ व्होल्ट. भिंतीवरची वीज चालू असताना घड्याळ राखीव वाहिनीवर चालते, म्हणून संपलेला सेल लपून राहतो. वीज गेली की बायोसमधील मांडणी मूळपदावर जाते आणि स्लीपची निवडही बदलू शकते.

वीज जाणे : नुसत्या एस३ मधील संगणकाची वीज गेली तर काम जाते. महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत स्लीपपेक्षा शटडाउनची सवय लागली ती यामुळे. विंडोज व्हिस्टापासून आलेल्या हायब्रिड स्लीपमध्ये मजकूर रॅमबरोबर डिस्कवरही ठेवला जात असल्याने हा धोका टळतो. यूपीएस असूनही काम गेल्याच्या तक्रारी येतात. निजलेला संगणक मोजकेच वॉट घेतो आणि काही यूपीएस बॅटरीवर असताना इतका कमी भार म्हणजे भारच नाही असे समजून थोड्या वेळाने स्वतः बंद होतात. दहा मिनिटांनी वीज परत येते, संगणक कोरा सुरू होतो आणि ठपका विंडोजवर येतो.

रोज बंद करावा की निजवावा, यांपैकी कशाने संगणकाचे आयुष्य वाढते याबद्दल एकमत नाही.