बावीस श्रुतींची पेटी

आमच्या रत्नागिरीच्या चर्चमधील गायकवृंद पेटीबरोबर गातो, तेव्हा जाणता कान गंधारापाशी थबकतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर पेटीचा गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा ३८६ वर. एवढ्याशा अंतरापायी घाटापलीकडच्या सांगलीत एक मोठा खटाटोप झाला.

सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना गावयास बसविले आणि त्यांचे स्वर तारेच्या लांबीवर मोजले. १९१० साली देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ निघाला. पुढे न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स ह्यांच्या साह्याने श्रुतींची पेटी तयार झाली. (परक्या राजवटीचा अधिकारी आपल्या गंधारासाठी झुरतो, हे आम्हांस हृद्य वाटते.) १९१६ च्या बडोदे परिषदेत ती मांडली गेली, परंतु पंडित भातखंडे ह्यांना ते गणित पटले नाही. मींडेने सरकणारा स्वर कोणत्या पट्टीत कोंडावयाचा? पेटी मागे पडली. खाँसाहेबांचा आवाज मात्र १९३७ मधील त्यांच्या निधनापूर्वी ध्वनिमुद्रिकांवर उतरला होता. आमच्या गायकवृंदास आम्ही त्या अधूनमधून ऐकवितो, आणि मग काही वेळ पेटीविनाच गावयास सांगतो.