अदृश्य द्रव्य की अपुरा नियम?

आकाशातील एखादा गोल गणिताप्रमाणे चालेनासा झाला, तर दोष कोणाचा? अदृश्य वस्तूचा, की आपल्या नियमाचा? इतिहासाने दोन्ही उत्तरे दिली आहेत.

युरेनसची चाल न्यूटनच्या गणिताशी जुळेना, तेव्हा फ्रान्सच्या लव्हेरिए यांनी पलीकडे अज्ञात ग्रह कल्पिला. १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना नेपच्यून सांगितल्या जागेच्या अंशभर अंतराच्या आत सापडला. १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतील विसंगतीवरही लव्हेरिए यांनी हाच उपाय योजिला. सूर्यानजीकचा तो ‘व्हल्कन’ ग्रह मात्र कधीच सापडला नाही. अखेर १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या नव्या गुरुत्वसिद्धान्ताने शतकाकाठी ४३ विकलांचा तो फरक उलगडला.

पुढे १९३३ साली झ्विकी यांना दीर्घिकांच्या समूहात, व १९७० साली व्हेरा रुबिन आणि फोर्ड यांना देवयानी दीर्घिकेत, दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीला न आवरणारे वेग आढळले. बहुतेकांनी ‘कृष्णद्रव्य’ मानले; इस्रायलच्या मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये नियमच पालटून पाहिला. तो एकेका दीर्घिकेच्या फिरण्यास चांगला लागू पडतो. समूहांपाशी मात्र उणा पडतो. उलट, कृष्णद्रव्याचा कणही अद्याप हाती आलेला नाही. हा नेपच्यून की व्हल्कन, याचा निवाडा वेधांनीच व्हावयाचा आहे.