वुडवर्ड रस्त्याची बखर

बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद मराठी वाचकास नव्याने सांगण्याचे कारण नाही. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून ‘कागद काय म्हणतो?’ हा प्रश्न आपल्या इतिहासविचाराच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्यातून आम्हां सरकारी नोकरांना, जे फायलीत नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची सवय जडलेली. या सवयीची परीक्षा पाहावयाची असेल तर अमेरिकेतील एका अलीकडच्या दंतकथासमूहाकडे वळावे, असे आम्हांस वाटते.

डेट्रॉइट शहरातून पाँटियॅक गावाकडे जाणारा वुडवर्ड हा हमरस्ता. १९०९ साली याच रस्त्याच्या एका मैलावर काँक्रीट घातले गेले. १९६० नंतरच्या दशकात येथे रात्री एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत मोटारींच्या शर्यती लागत. मध्यम आकाराच्या, तरुणाच्या खिशास झेपणाऱ्या गाडीत थोरले एंजिन बसविले की जी गाडी होते, तिला पुढे ‘मसल कार’ हे नाव पडले. कारखान्यांच्या कचेऱ्या जवळच असल्यामुळे अफवांना तोटा नव्हता. कोणाची गाडी अजिंक्य, कोणती गाडी कोठून आली, याच्या कथा तोंडोतोंडी वाढत गेल्या.

त्यांतील पहिली कथा १९६४ च्या पाँटियॅक ‘जीटीओ’ची. जनरल मोटर्सच्या नियमाप्रमाणे अशा गाडीत ३३० घन इंचांहून मोठे एंजिन बसविता येत नसे. जॉन डिलोरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे एंजिन ‘ऐच्छिक जोड’ म्हणून देऊन नियमास बगल दिली. पळवाटा केवळ आमच्याच खात्यांत असतात असे नाही! मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने ही गाडी इटलीच्या फेरारी जीटीओशी तोलली आणि पाव मैलाचे अंतर तिने १३.१ सेकंदांत कापल्याचे छापले. छापील आकडा, नामांकित मासिक. शंका कोणी घ्यावी? परंतु फेरारीची प्रत्यक्ष चाचणी झालीच नव्हती. मुखपृष्ठावरील झुंज चित्रकाराची होती. आणि पाँटियॅकच्या जाहिरातीचे सूत्रधार जिम वँगर्स यांनी पुष्कळ वर्षांनी स्वतःच कबूल केले की, चाचणीस दिलेल्या गाडीत ३८९ चे नव्हे, ४२१ घन इंचांचे एंजिन होते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसत. म्हणजे येथे कागद होता, पण खोटा होता.

दुसरी कथा याच्या नेमकी उलट. एक काळी डॉज चॅलेंजर रात्री अवतरते, शर्यत जिंकते आणि कोणाशी न बोलता नाहीशी होते. मग महिनोन्‌महिने दिसत नाही. लोकांनी तिला ‘ब्लॅक घोस्ट’, म्हणजे काळे भूत म्हटले. कोणाही शहाण्या माणसाने ही भाकडकथा ठरविली असती. परंतु गाडी खरीच होती. १९७० सालची, ४२६ घन इंचांच्या ‘हेमी’ एंजिनाची ती गाडी गॉडफ्रे क्वॉल्स यांची. आणि हे गृहस्थ डेट्रॉइटच्या पोलीस दलात होते! मौनाचे कारण निराळे शोधावयास नको. २०१५ मध्ये ते वारले. गाडी व कागदपत्रे मुलाकडे आली, आणि २०२० मध्ये तिची अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत नोंद झाली. अर्थात कागदाने सिद्ध होते ती गाडी आणि तिची मालकी. तिने कोणाकोणास हरविले, याची फाईल कोठेच नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांची. या गाड्यांची शक्ती १९७२ मध्ये एकाएकी ओसरली, असे सांगतात. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि एंजिनांतील दाब कमी करण्यात आला, हे खरेच. पण त्याच सुमारास मोजण्याची रीतही बदलली. पूर्वी एंजिन मोकळे टेकूवर ठेवून मोजीत. आता पंखा, धूरनळी इत्यादी सर्व सरंजामासह मोजू लागले. १९७१ मध्ये एकाच हेमी एंजिनास जुन्या रीतीने ४२५ व नव्या रीतीने ३५० अश्वशक्तीचे आकडे दिले गेले. यंत्र तेच, रकाना बदलला. ताळेबंदाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस याचे नवल वाटू नये.

तात्पर्य, कागद आहे म्हणून खरे नाही आणि कागद नाही म्हणून खोटे नाही. कागद कोणी लिहिला, त्यात त्याचा लाभ कोणता, हे आधी विचारावे. आणि जो इतकी वर्षे गप्प राहिला, त्यास बोलण्याने काय गमवावे लागले असते, हेही पाहावे.

एक उणीव मात्र या सर्वच कथांत सारखी आहे. त्यांत जिंकणारा असतो, हरणारा असतो. सार्वजनिक रस्त्यावरून त्या वेळी घरी परतणारा तिसरा माणूस नसतो. शर्यती रस्त्यावरून हलवून बंदिस्त धावपट्टीवर न्याव्यात, या हेतूने अमेरिकेत १९५१ मध्येच संस्था स्थापन झाली होती, त्या अर्थी धोका कोणास अज्ञात नव्हता. १९९५ पासून वुडवर्डवर दरवर्षी ऑगस्टमध्ये जुन्या मोटारींची संथ मिरवणूक निघते आणि तेथे या कथा पुन्हा सांगितल्या जातात. त्या आवडीने ऐकाव्यात. मात्र ऐकताना त्या तिसऱ्या माणसाची आठवण ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.