शांतपणे दिलेला नकार

बोईसर-तारापूरहून पालघरला गेलो की आम्हाला हुतात्मा स्तंभ दिसतो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव' चळवळीतील मोर्चावर पालघरात गोळीबार झाला. पागधरे, ठाकूर, तिवारी, चुरी आणि मोरे हे पाच जण त्यात हुतात्मा झाले. ते सत्तेला भर रस्त्यात दिलेले आव्हान होते. नकाराचा आणखी एक प्रकार असतो. त्यात घोषणा नसतात. एकटा माणूस आपल्या नेहमीच्या कामाच्या जागी 'हे मला पटत नाही' एवढेच म्हणतो.

१९३३ साली हिटलरच्या राजवटीने ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढून टाकले. अशा रीतीने रिकामी झालेली ड्युसेलडॉर्फ येथील औषधशास्त्राची जागा ओटो क्रायर यांना देऊ करण्यात आली. क्रायर स्वतः ज्यू नव्हते. तरीही अन्यायाने रिकामी केलेल्या खुर्चीवर बसणे योग्य नाही, असे त्यांनी सरकारला लेखी कळवले. जर्मन विद्यापीठांची दारे त्यांना बंद झाली. पुढे ते अमेरिकेत हार्वर्डला गेले.

आपल्याकडची आणीबाणी म्हणजे हिटलरशाही नव्हे, पण भीती तेव्हाही होती. जून १९७५ मध्ये ती जारी झाली; वृत्तपत्रांवर नियंत्रणे आली, हजारो लोक खटल्याविना तुरुंगात गेले. त्याच डिसेंबरात कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, तर अध्यक्ष होत्या लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत. जयप्रकाश नारायण स्थानबद्धतेतून नुकतेच सुटले होते आणि गंभीर आजारी होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन मंत्र्यांच्या उपस्थितीतच केले. एका आजारी माणसासाठी प्रार्थना, एवढेच! पण त्याचा अर्थ सर्वांना कळला. १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली.

या दोघांमुळे राजवटी कोसळल्या नाहीत. मग उपयोग काय झाला? सगळेच गप्प असले की प्रत्येकाला वाटते, आपण एकटेच वेगळा विचार करतो. एक जण बोलला की तो समज तुटतो.

ही सवय एकाएकी लागत नाही. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.२ आले, तर पुष्कळ मुले आकडे फिरवून ९.८ करतात, कारण बाईंना किंवा सरांना तेच हवे असते. एखादा विद्यार्थी मात्र ९.२ तसेच ठेवतो. त्याचे गुण कापायचे, की चूक कुठे झाली हे त्याच्याबरोबर शोधायचे, हे आपल्या हाती आहे.