मोंटाना की यंग? सॅन फ्रान्सिस्कोचा सहा वर्षांचा वाद

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय खेळाचा आहे, आणि तोसुद्धा आपल्याकडे फारसा कोणी न खेळणारा. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथून कुठून तुम्ही ऐकत असाल तिथल्या मैदानावर हा खेळ दिसायचा नाही. तरीही शेवटपर्यंत थांबा, कारण गोष्ट ओळखीची निघेल.

१९९३ च्या शेवटी मी मेजर होतो. संयुक्त राष्ट्रांच्या सोमालियातल्या मोहिमेवर आपली एक ब्रिगेड गेली होती. आमचं ठाणं बैदोआला होतं आणि समन्वयाच्या कामासाठी मला अधूनमधून मोगादिशूला जावं लागे. ऑक्टोबरच्या त्या प्रसिद्ध चकमकीत अमेरिकेचे अठरा सैनिक पडले होते आणि मार्चअखेर आपलं सैन्य परत नेण्याचं अमेरिकेनं जाहीर केलं होतं. त्यांच्या छावणीत वातावरण जड असायचं. पण दोन जण मात्र रोज भांडायचे, तेही तावातावानं. एक चाळिशीचा सार्जंट, दुसरा पंचविशीचा पोरगा. दोघंही कॅलिफोर्नियाचे आणि एकाच संघाचे भक्त. भांडण एकाच गोष्टीवर : मोंटाना मोठा की यंग?

आधी खेळाबद्दल थोडं. हे अमेरिकन फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर चिलखत आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो, नाहीतर समोरच्याकडे जातो. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला चेंडू ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. फेकायचा, सोपवायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे तीनेक सेकंदांत त्यानं ठरवायचं. आणि तेवढ्या वेळात शंभर-सव्वाशे किलोचे चार गडी त्याला आडवा करायला धावत असतात. माझ्या मते जगातल्या कुठल्याही सांघिक खेळात एका माणसावर इतका भार नसतो. क्रिकेटचा कप्तान निदान पॅव्हेलियनमध्ये बसून चहा तरी पितो.

जो मोंटाना १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स संघात आला. कॉलेजमधून निवडलेल्या खेळाडूंत त्याचा क्रमांक ब्याऐंशीवा होता, म्हणजे फार मोठी अपेक्षा कुणी ठेवलेली नव्हती. संघही तळाला होता. प्रशिक्षक बिल वॉल्श त्याच वर्षी आला. लांब फेकीचा जुगार खेळण्यापेक्षा छोट्या, अचूक, वेळेवर सुटणाऱ्या फेकींनी मैदान कापत जायचं अशी त्याची पद्धत होती आणि मोंटानाचे हात-पाय जणू तिच्यासाठीच घडले होते. जानेवारी १९८२ मध्ये या संघानं पहिली सुपर बोल, म्हणजे अंतिम लढत, जिंकली. १९८५ मध्ये दुसरी. ज्या गावाला या खेळात कधी सर्वोच्च मान मिळाला नव्हता, त्या गावाचा हा माणूस देव झाला.

सप्टेंबर १९८६ मध्ये मोंटानाच्या पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. खेळ सोडा असा डॉक्टरांचा सल्ला होता, पण पठ्ठ्या दोन महिन्यांत मैदानावर परत आला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. वॉल्शनं मात्र वेगळा हिशोब मांडला. मोंटाना तिशीचा, पाठ दुखावलेली. पुढच्या तीन-चार वर्षांचं काय? एप्रिल १९८७ मध्ये त्यानं टॅम्पा बेकडून स्टीव्ह यंगला घेतलं.

यंग पंचवीस वर्षांचा, डावखुरा, हरणासारखा पळणारा. टॅम्पाचा तो संघ रडका होता. तिथं यंगनं सुरुवात केलेल्या एकोणीस सामन्यांत फक्त तीन विजय मिळाले होते. आकडे वाचणाऱ्याला तो अपयशी वाटला असता. वॉल्शला तो चुकीच्या पलटणीत पडलेला चांगला शिपाई वाटला. अशी पारख मी लष्करात फार थोड्या वरिष्ठांत पाहिली.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं. पण यापुढे वॉल्शनं जे केलं त्याच्याशी माझं पटत नाही. त्यानं दोघांनाही एकाच ड्रेसिंग रूममध्ये ठेवलं आणि पुढचा नंबर कुणाचा हे मोकळं सोडलं.

आपल्याकडे कमांडिंग ऑफिसर बदलतो तेव्हा जुन्या साहेबांना निरोप कसा देतात ते काहींनी पाहिलं असेल. जीप फुलांनी सजवतात, दोर बांधतात आणि जवान ती ओढत गेटपर्यंत नेतात. डोळे ओले होतात. पण ती जीप गेटबाहेर जाते हे महत्त्वाचं. जुने साहेब दुसऱ्या दिवशी मेसच्या कोपऱ्यात चहा पीत बसले आणि नव्या साहेबांचं प्रत्येक फर्मान ऐकत राहिले, तर काय होईल याची कल्पना करा. सॅन फ्रान्सिस्कोत हे सहा वर्षं चाललं.

९ जानेवारी १९८८. कँडलस्टिक पार्क, समुद्राच्या वाऱ्यानं बदनाम झालेलं त्यांचं घरचं मैदान. साखळीत तेरा जिंकून दोनच हरलेला हा संघ मिनेसोटासमोर बाद फेरीत उतरला आणि मध्यंतराला ३-२० असा मागे पडला. तिसऱ्या सत्रात वॉल्शनं मोंटानाला बाहेर बसवून यंगला पाठवलं. यंगनं धावून धावून जीव ओतला, तरी सामना ३६-२४ असा गेला. पण त्या दिवसापासून गावात दोन पक्ष पडले. ‘मोंटाना संपला’ म्हणणारे आणि ‘देवाला बाहेर कसा बसवता?’ म्हणणारे.

१९८८ च्या मोसमात वॉल्श कधी याला, कधी त्याला खेळवी. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच मिनेसोटाविरुद्ध यंग एकोणपन्नास यार्ड धावला, एकामागून एक गडी चुकवत. शेवटी पाय लटपटले आणि पडता पडता तो रेषेपलीकडे गेला. आजही ती चित्रफीत पाहिली की अंगावर काटा येतो. यंगचा पक्ष वाढला. मग मोंटानानं जागा परत मिळवली आणि जानेवारी १९८९ मध्ये सिनसिनाटीविरुद्धच्या अंतिम लढतीत उरलेल्या सव्वातीन मिनिटांत स्वतःच्या आठ यार्डांच्या रेषेपासून ब्याण्णव यार्ड चाल करून चौतीस सेकंद राखून सामना जिंकला. ती चाल सुरू व्हायच्या आधी घोळक्यात सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले असताना यानं प्रेक्षकांत बसलेल्या एका विनोदी नटाकडे सोबत्याचं लक्ष वेधलं म्हणतात. जॉन कँडी त्या नटाचं नाव. गोळीबार सुरू असताना विडी शिलगावणारे सुभेदार मी पाहिलेत. त्याच जातीचा हा माणूस. वॉल्श निवृत्त झाला, जॉर्ज सीफर्ट प्रशिक्षक झाला आणि पुढच्या वर्षी डेन्व्हरला ५५-१० असं तुडवून मोंटानानं चौथी सुपर बोल जिंकली. चार अंतिम लढतींत मिळून त्याच्या फेकींवर अकरा टचडाऊन झाले आणि एकही फेक शत्रूच्या हाती गेली नाही.

यंग हे सगळं कडेला उभा राहून पाहत होता. सुट्टीच्या महिन्यांत तो कायद्याचा अभ्यास करायचा.

जानेवारी १९९१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या लिओनार्ड मार्शलनं मागून येऊन मोंटानाला असं आपटलं की तो उठेना. संघ १५-१३ असा हरला. पुढचा पूर्ण मोसम आणि त्याच्या पुढचाही बहुतेक सगळा, कोपराच्या दुखापतीमुळे, मोंटाना खेळलाच नाही. जागा यंगला मिळाली, पण ती मिळाली मालकाच्या आजारपणात भाडेकरूला मिळावी तशी. १९९१ मध्ये फेकींच्या गुणांकनात यंग सबंध लीगमध्ये पहिला आला. पण संघ बाद फेरीत पोचला नाही आणि लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. १९९२ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी डिसेंबरच्या अखेरीस डेट्रॉइटविरुद्ध उत्तरार्धात मोंटाना दोन वर्षांनी मैदानात उतरला, तेव्हा भर पावसात प्रेक्षकांनी जो जल्लोष केला तो यंगच्या वाट्याला कधी आला नव्हता.

चाहत्यांच्या तराजूत एक खोट होती. एका पारड्यात आठवण होती आणि दुसऱ्यात माणूस. मोंटानाच्या वाईट दुपारी लोक विसरले होते. यंगची प्रत्येक चूक ताजी होती. शिवाय कोण थोर हा एक प्रश्न आणि येत्या रविवारी कोणाला खेळवायचं हा दुसरा, हे दोन्ही त्यांनी एकात कालवले. पहिल्याचं उत्तर मोंटाना आणि दुसऱ्याचं यंग, असं एकाच वेळी असू शकतं हे मानायला कोणी तयार नव्हतं.

हे मी जरा अधिकारानं बोलतो. कॅप्टन असताना माझ्याकडे एक कंपनी आली. आधीचे कंपनी कमांडर जवानांचे लाडके. पहिले चार महिने मी त्यांची नक्कल केली. त्यांच्यासारखा आवाज चढवून बोलायचो, त्यांच्यासारखा लंगरमध्ये अचानक जाऊन डाळ चाखायचो. एका रात्री गस्तीवरून परतताना सीनियर जेसीओ माझ्या बाजूला आले आणि हळूच म्हणाले, ‘साहब, वो साहब तो गये. आप कब आयेंगे?’ मला झोप लागली नाही. डाळ चाखणं मी दुसऱ्या दिवसापासून बंद केलं.

एप्रिल १९९३ मध्ये मोंटानाला कॅन्सस सिटी चीफ्सकडे जायचं होतं. लोकांचा रोष पाहून सीफर्टनं शेवटच्या घटकेला जाहीर केलं की मोंटानाच आमचा पहिला क्वार्टरबॅक राहील. आदल्या मोसमात सर्वोत्तम ठरलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं! शहाणा होता तो मोंटानाच. त्यानं नकार दिला आणि गेला. कॅन्ससमध्ये सोळा नंबर तिथल्या जुन्या क्वार्टरबॅकच्या, लेन डॉसनच्या, सन्मानार्थ कायमचा बाजूला ठेवलेला होता, म्हणून यानं एकोणीस घातला.

आणि आता आपण मोगादिशूला परत येतो. तो मोसम असा झाला की मोंटानाचा नवा संघ एका बाजूनं आणि यंगचा दुसऱ्या बाजूनं उपांत्य लढतीत पोचला. दोघंही जिंकले असते तर सुपर बोलमध्ये समोरासमोर आले असते. २३ जानेवारी १९९४ ची रात्र. कामानिमित्त मी तिथं मुक्कामी होतो. सार्जंट आणि तो पोरगा अमेरिकी सैन्याच्या रेडिओला चिकटून बसले होते, मी कुतूहल म्हणून शेजारी. बफेलोच्या थंडीत मोंटानाच्या डोक्याला मार लागून तो बाहेर गेला. संघ ३०-१३ असा हरला. मग मध्यरात्रीनंतर डॅलसनं यंगच्या संघाला ३८-२१ असं हरवलं. पोरगा शिव्या देत उठला. सार्जंट बराच वेळ बसून राहिला, मग मला म्हणाला की यंगचा बाप झालो असतो तर मला त्याची दया आली असती. मोंटानाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मार्चमध्ये ती माणसं गेली. पुन्हा भेट झाली नाही.

पुढचा भाग त्यांनी आपापल्या घरी पाहिला असणार. सप्टेंबर १९९४ मध्ये कॅन्ससला मोंटाना विरुद्ध यंग असा सामना अखेर झाला आणि अडतीस वर्षांच्या मोंटानानं तो २४-१७ असा जिंकला. यंगच्या वैऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. तीन आठवड्यांनी फिलाडेल्फियानं घरच्या मैदानावर ४०-८ अशी धूळ चारली आणि सामना चालू असताना सीफर्टनं यंगला बाहेर काढलं. सात वर्षं निमूट राहिलेला हा सभ्य माणूस तेव्हा कडेला उभा राहून, हजारो लोकांसमोर, प्रशिक्षकावर ओरडला. चांगला कडकडून ओरडला.

अभ्यासक यंगच्या मान्यतेची तारीख पुढच्या जानेवारीत टाकतात. मी ती या दिवशी टाकतो. लष्करी माणसानं बेशिस्तीची बाजू घ्यावी हे विचित्र वाटेल, पण त्या दिवशी त्यानं कुणाच्या तरी जागेवर उभं राहणं सोडलं. सोबत्यांना ते दिसलं. पुढच्याच आठवड्यात डेट्रॉइटला मार खाऊन तो गुडघ्यांवर रांगत मैदानाबाहेर आला आणि थोड्या वेळानं परत आत गेला. त्या पराभवानंतर संघानं सलग दहा सामने जिंकले.

२९ जानेवारी १९९५ ला मायामीत सॅन दिएगोविरुद्धच्या सुपर बोलमध्ये यंगनं सहा टचडाऊनच्या फेकी केल्या. एका अंतिम लढतीतला आधीचा विक्रम पाच फेकींचा होता. संघ ४९-२६ असा जिंकला. सामना संपत आला तेव्हा यंगनं पाठ वळवली आणि एका सोबत्यानं तिच्यावरून न दिसणारं माकड ओढून काढल्याचा अभिनय केला.

तोवर मी भारतात परतलो होतो, उत्तरेकडच्या एका ठाण्यावर. पेपर तिथं दोन-तीन दिवस उशिरा यायचे. क्रीडापानाच्या तळाशी या सामन्याची चार ओळींची बातमी सापडली. ती मी दोनदा वाचली. मोडलेला विक्रम मोंटानाचा होता म्हणून असेल, पण बातमीत त्याचं नाव यंगच्या आधी आलं होतं.