नसण्यातून सापडलेलं विकर

१९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जेमतेम दोन पानांचा एक लेख आला. लेखकांतली पहिली तीन नावं मुंबईची होती: डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. पुढची चार लंडनची: रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. विषय होता मुंबईतल्या तिघांचं रक्त. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए नव्हतं, बीही नव्हतं, म्हणजे हिशेबाने ते ओ गटाचे ठरत होते. पण त्यांचं सीरम ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होतं.

हेच ते ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. बहुतेक पुस्तकांत तो अपवाद म्हणून चार ओळींत उरकतात. हे मला अन्यायाचं वाटतं. आपल्या पेशींवर फ्यूकोज नावाची साखर चिकटवणारं जे विकर आहे, त्याच्या ओळखीची वाट या तिघांच्या रक्तातून गेली आहे.

थोडं मागे जाऊ. १९०१ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने रक्तगट वेगळे काढले. १९२४ मध्ये गणितज्ञ फेलिक्स बर्नस्टाइनने दाखवलं की ए, बी आणि ओ ही एकाच जनुकाची तीन रूपं आहेत. मग ओ जनुक काय बनवतं? ओ पेशींना ओळखणारी काही सीरमं होती, तेव्हा ओ जनुकाचाही एखादा पदार्थ असणार, असं धरलं जाई. अडचण अशी की तीच सीरमं ए गटाच्या काही पेशींनाही धरत. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी १९४८ मध्ये हा पेच सोडवला. हा पदार्थ ओ जनुकाचा नाहीच, तो जवळजवळ सगळ्यांतच असतो, असं म्हणून त्यांनी त्याला ‘एच’ हे वेगळं नाव दिलं.

हा एच रासायनिकदृष्ट्या आहे तरी काय? इथे मदतीला आला ईल मासा. ईलचं सीरम ओ पेशींच्या गुठळ्या करतं. त्यात एकेक साधी साखर मिसळून पाहिली, तेव्हा गुठळ्या होणं थांबवलं ते एल-फ्यूकोजने. म्हणजे एचची खूण पटवणारी साखर फ्यूकोज. हेही १९५२ मध्येच प्रसिद्ध झालं. पुढे याच पद्धतीने एची साखर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन आणि बीची गॅलॅक्टोज ठरली. तपासायला भरपूर पदार्थ लागे. तो मिळाला स्त्रियांच्या अंडाशयातल्या गाठींच्या द्रवातून.

मुंबईच्या तिघांत एचच नव्हता. आता प्रश्न असा, की एच नाही म्हणून ए-बी नाहीत, की तिन्ही स्वतंत्रपणे गायब? १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचं वर्णन केलं. त्यातल्या स्त्रीच्या पेशींवर बी दिसत नव्हता, पण पुढच्या पिढीला तो तिच्याकडूनच मिळाला होता. जनुक शाबूत होतं, त्याला काम करायला जागा नव्हती. १९५९ मध्ये वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी सगळं एका साखळीत बसवलं: आधी एच जनुकाचं विकर फ्यूकोज जोडतं, त्यावर ए किंवा बीचं विकर आपापली साखर लावतं. फ्यूकोज ही खुंटी आहे. तीच नसेल तर पुढचं काही टांगता येत नाही. ओ गटात ही खुंटी रिकामी असते, बॉम्बे गटात खुंटीच नसते. त्या वेळी यातलं एकही विकर कुणी वेगळं काढलेलं नव्हतं. त्या धाडसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

जनुकं हाती आली १९९० मध्ये. ए-बीचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, एचचं म्हणजे एफयूटी१ एकोणिसाव्यावर. ए आणि बी विकरांत फक्त चार अमिनो आम्लांचा महत्त्वाचा फरक निघाला. भारतातल्या बॉम्बे गटात एफयूटी१मधलं एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे २४२व्या जागी ल्यूसिनऐवजी आर्जिनिन येतं आणि विकर निकामी होतं. शेजारचं एफयूटी२ हे भावंड-जनुक लाळेत आणि इतर स्रावांत एच बनवतं. तेही या लोकांत अख्खं गळालेलं असतं, म्हणून लाळेतही काही सापडत नाही. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर भारतीय वंशाच्या लोकांत हाच बदल आढळला. तिथल्या गोऱ्यांमध्ये एच कमी पडण्याचं कारण वेगळा बदल आहे.

मुंबईत साधारण ७,६०० माणसांत एकाचं रक्त असं असतं, असं भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये नोंदवलं. युरोपात ते फारच दुर्मिळ. एरवी या माणसांची प्रकृती ठणठणीत असते. धोका रक्त चढवताना. त्यांच्या सीरममधली एचविरोधी प्रतिपिंडं शरीराच्या तापमानालाही काम करतात आणि ओ रक्ताच्या पेशी फोडतात. पेशींची नुसती ए-बी तपासणी केली, तर चिठ्ठीवर ‘ओ’ येतं. म्हणून रक्तपेढीत सीरमची उलट तपासणी करताना ए आणि बीबरोबर ओ पेशीही घ्यायच्या असतात. त्यांच्या गुठळ्या झाल्या तर एचला चिकटणाऱ्या ‘लेक्टिन’ या प्रथिनाने खात्री करायची. असा माणूस सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांचं रक्त लगेच तपासावं. दोष अप्रभावी असल्याने प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता किमान चारात एक असते, आणि या रुग्णाला दुसऱ्या कुठल्याही गटाचं रक्त चालत नाही.